पाणी मुरलेल्या लाकडी जमिनीची तपासणी

माडीवरील मोरीचा सांधा सुटला, कौल सरकून पागोळीचे पाणी आत आले, किंवा पिण्याच्या पाण्याचा नळ रात्रभर गळत राहिला, की घरातील माणसे जमीन पुसून घेतात, खालच्या खोलीत टपकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवतात आणि गळती थांबली म्हणजे विषय संपला असे समजतात. फरशीच्या किंवा सिमेंटच्या जमिनीबाबत हे बव्हंशी चालून जाते. लाकडी जमिनीबाबत मात्र गळती थांबते त्या दिवशी खरा प्रश्न सुरू होतो. वरचे पाणी दिसेनासे झाले तरी फळ्यांच्या सांध्यांतून उतरलेले पाणी मातीच्या थरात, कड्यांच्या माथ्यावर आणि भिंतीत रोवलेल्या टोकांत कित्येक आठवडे राहते. या अवधीत लाकूड कुजू लागते, आणि कुजण्याची क्रिया बाहेरून दिसू लागेपर्यंत लाकडाची बरीचशी ताकद गेलेली असते.

महाराष्ट्रात लाकडी जमिनीची घरे आता उरली आहेत कोठे, असा प्रश्न नव्या वसाहतीत राहणारा वाचक विचारील. भोपाळच्या सोनागिरीसारख्या नव्या वस्तीत किंवा पुण्या-नाशिकच्या उपनगरांत घरे सिमेंट-काँक्रीटची आहेत. तेथे लाकूड राहते ते दाराच्या चौकटीत आणि भिंतीतल्या कपाटात. परंतु घाटावरील वाडे, कोकणातील माळ्यांची घरे, तालुक्याच्या गावातील दुमजली दुकाने, क्वचित एखादी जुनी शाळा यांत आजही लोक लाकडी तक्तपोशीवर वावरतात. मुंबई बेटावरील जुन्या चाळी व इमारती हे तर याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा होऊन इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अस्तित्वात आले आणि १९७७ पासून ते काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे म्हाडाकडे, आले. या योजनेखाली प्रारंभी १९,६४२ उपकरप्राप्त इमारतींची नोंद झाली होती. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. त्या काळच्या बांधकामात लाकडी तुळया, कड्या आणि फळ्या यांचा सर्रास वापर होत असे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी मंडळ उपकरप्राप्त इमारतींची पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते.

लाकूड कुजते म्हणजे काय होते

लाकूड पाण्याने कुजते असे आपण म्हणतो, पण नुसत्या पाण्याने लाकूड कुजत नाही. जुन्या विहिरींच्या तळाशी जांभळाच्या लाकडाचे कडे घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती, आणि सदैव पाण्याखाली असलेली ती कडी पिढ्यान् पिढ्या टिकत. कुजविण्याचे काम बुरशी करते. तिला लाकूड हे अन्न, ओलावा, हवा आणि उबदार तापमान अशा चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही व कोरड्या लाकडात ओलावा नसतो. दोन्ही ठिकाणी बुरशी उपाशी राहते. अर्धवट भिजलेले, न वाळणारे आणि झाकून ठेवलेले लाकूड ही तिची आवडती जागा होय, आणि माडीच्या जमिनीच्या पोटात नेमकी तीच जागा असते. महाराष्ट्रातील पावसाळ्याचे तापमान तर तिला पूर्णपणे मानवणारे आहे.

ओलावा किती असला म्हणजे धोका, याला एक ठोकताळा आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने त्यातील पाणी २० टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड सुरक्षित समजावे. ते ३० टक्क्यांच्या आसपास गेले की लाकडाच्या तंतूंच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात आणि कुजण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. हवेतील दमटपणानुसार लाकूड ओलावा घेते आणि सोडते. हवेची आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात सुमारे ६ टक्के, तर आर्द्रता ८० टक्के असताना सुमारे १६ टक्के पाणी असते. म्हणूनच लाकडातील ओलाव्याची मर्यादा ठरविणाऱ्या भारतीय मानक क्रमांक २८७ मध्ये हवामानानुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत. या आकड्यांवरून असे दिसेल की, कोकणातल्या आषाढातही नुसत्या दमट हवेने घराचे लाकूड सहसा कुजण्याच्या पायरीला पोहोचत नाही. तेथवर ते पोहोचते ते प्रत्यक्ष पाणी लागल्यामुळे. लाकूड कुजले असेल तर पाणी कोठून तरी येत आहे, हे गृहीत धरूनच शोध घ्यावा.

कुजण्याचे मुख्यतः दोन प्रकार घरात आढळतात. एका प्रकारात लाकूड तपकिरी होते, आक्रसते आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे होतात. चिमटीत धरल्यास त्याची भुकटी होते. दुसऱ्या प्रकारात लाकूड फिकट, पांढुरके, मऊ होते आणि त्याचे तंतू सुटे होतात. यांपैकी तपकिरी कूज अधिक दगा देणारी आहे. लाकडाच्या वजनात जेमतेम पाच-दहा टक्के घट झाली असतानाच त्याची धक्का सोसण्याची ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते. अशी कडी डोळ्यांना धडधाकट दिसते, नेहमीचा भार कसाबसा पेलते, आणि लग्नकार्यात पंचवीस माणसे एकदम माडीवर बसली किंवा धान्याचे पोते खांद्यावरून धाडकन टाकले, की मोडते.

परदेशी पुस्तकांत ‘सुकी कूज’ म्हणून एका बुरशीचे मोठे भय घातलेले असते. सर्पुला लॅक्रिमन्स हे तिचे शास्त्रीय नाव. ती थंड हवेची असून युरोपातील घरांत धुमाकूळ घालते. रानटी अवस्थेत ती हिमालयात सापडते. आपल्याकडील मैदानी उष्णता तिला सोसत नाही. त्यामुळे त्या पुस्तकांतील भिंती फोडण्याचे आणि सारे लाकूड उपटून टाकण्याचे उपाय येथे जसेच्या तसे करण्याचे कारण नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी बंद केले आणि लाकूड वाळवले की बुरशीची वाढ थांबते.

वाळवी ही वेगळी गोष्ट आहे. वाळवीने खाल्लेल्या लाकडात मातीचे बोगदे आढळतात, तर लाकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा गळतो. कुजलेल्या लाकडात यांपैकी काहीच नसते. अर्थात ओलसर लाकूड वाळवीलाही निमंत्रण देते, आणि एकाच कडीत दोन्ही सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

कोठे पाहावे

वाडा बांधणाऱ्या जुन्या कारागिरांना बुरशीचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण तिची सवय ठाऊक होती. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करावयाचा, घर उंच जोत्यावर घ्यावयाचे, न्हाणीघर परसात ठेवावयाचे, या साऱ्या प्रथांमुळे लाकूड पाण्यापासून दूर राहत असे. पुढे सोयीसाठी न्हाणी आणि मोरी माडीवर आली, चाळीच्या खोलीच्या कोपऱ्यात आली, काही ठिकाणी संडासही लाकडी जमिनीवरच बसविले गेले. जी जमीन बसण्या-उठण्यासाठी होती तिच्यावर रोज पाणी सांडू लागले. वर कोबा किंवा शहाबादी फरशी असल्यामुळे खाली लाकूड आहे हेच राहणारे विसरतात.

माडीच्या जमिनीची रचना साधारणतः अशी असते: दोन भिंतींवर किंवा तुळयांवर टेकलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचण, आणि त्यावर मातीचा अथवा चुन्याच्या काँक्रीटचा थर. यांतील सर्वांत नाजूक जागा म्हणजे कडीचे भिंतीत गेलेले टोक. तेथे सारा भार भिंतीवर उतरतो. तेथे विटा आणि माती ओल धरून ठेवतात. हवा खेळत नाही. आणि ते टोक दिसतही नाही. शिवाय लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी आत शिरते ते बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने. कडीचा मधला भाग खणखणीत आणि भिंतीतले टोक भुसा झालेले, असे दृश्य जुनी इमारत उतरविणाऱ्या कोणाही सुताराला परिचयाचे आहे. म्हणून पाणी खोलीच्या मध्यावर सांडलेले असले तरी तपासणीची सुरुवात भिंतीपासून करावी. बाहेरच्या भिंतीवर पिंपळ उगवलेला असेल किंवा पावसाचा नळ फुटलेला असेल, तर त्या बाजूची टोके आधी पाहावीत.

तपासणीची रीत

तपासणीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. ओल आलेल्या भागातील विजेचा मुख्य खटका बंद करावा, आणि माडीवरील वजन उतरवावे. पन्नास किलोची दहा पोती म्हणजे पाच क्विंटल भार एका कोपऱ्यात साठलेला असतो, याची घरात बहुधा कोणाला जाणीव नसते. जमीन पायाखाली लवत असेल किंवा भिंतीपासून सुटून खाली बसलेली दिसत असेल, तर वर न जाता आणि नेमके त्याखाली न थांबता, जाणत्या सुताराकडून खालून टेकू देववावेत आणि मगच पुढचे काम करावे.

पहिली तपासणी डोळ्यांनी आणि नाकाने होते. खालच्या खोलीतून छताकडे पाहावे. तपकिरी कडांचे डाग, खिळ्यांच्या डोक्याभोवती गंजाची काळी वर्तुळे, फळीच्या सांध्यांत पांढरे कापसासारखे धागे, फुगलेल्या वा वाकलेल्या फळ्या, एकाएकी अडकू लागलेले दार, ही सर्व चिन्हे नोंद करण्यासारखी आहेत. बंद खोली उघडताच ओल्या पालापाचोळ्यासारखा कुबट वास आला तर कूज कोठेतरी जिवंत आहे असे समजावे. पृष्ठभागावरील हिरवा-काळा बुरा मात्र फडक्याने पुसला जातो; तो लाकडाचे फारसे नुकसान करीत नाही. तो दिसला म्हणून घाबरू नये, पण तेथे ओल आहे हे जाणून घ्यावे. जमीन कलली आहे काय, हे पाहण्यास मुलांची गोटी पुरेशी आहे. ती भिंतीकडे घरंगळू लागली तर तेथील टोके खचली असण्याचा संभव असतो.

दुसरी तपासणी आवाजाची. हातोडीच्या दांड्याने कडीवर वीत-वीत अंतरावर ठोके द्यावेत. निरोगी लाकूड टणक, मोकळा आवाज देते; कुजलेल्या जागी आवाज भद्द होतो. कान थोडा सरावला की फरक सहज कळतो. तरीही केवळ आवाजावर निकाल देऊ नये, कारण ओल्या पण निरोगी लाकडाचा आवाजही काहीसा बसका येतो.

तिसरी आणि सर्वांत भरवशाची तपासणी दाभणाची. गोण शिवावयाचे दाभण किंवा अणकुचीदार पेचकस लाकडात टोचावा. चांगल्या सागात तो जेमतेम रुततो. बोटाच्या पेरापर्यंत विनासायास गेला तर तेथील लाकूड कामातून गेले. याहून सूक्ष्म कसोटी अशी की, दाभणाचे टोक तिरके खुपसून लाकडाची एक कपची उचकटावी. निरोगी लाकडाची कपची लांब, रेशाळ निघते आणि निघताना चरचर आवाज होतो. कूज लागलेल्या लाकडाची कपची जागच्या जागी आखूड तुटते. डोळ्यांना काहीही दिसण्यापूर्वीची अवस्था या कसोटीने पकडता येते. भिंतीजवळ, फळीच्या खालच्या बाजूला आणि दोन लाकडे जेथे एकमेकांवर टेकतात तेथे ती अवश्य करावी. वर कोबा किंवा फरशी असेल तर संशयाच्या जागेवरील दोन-तीन फरश्या काढून पाहण्याचा खर्च फार नाही. कडीचे टोक पाहण्यासाठी भिंतीतील एखादी वीट मात्र सुताराच्या किंवा गवंड्याच्या हातूनच काढवावी.

ओलावा मोजण्याचे विजेवर चालणारे छोटे यंत्र आता बाजारात मिळते. ते नसेल तर तराजू पुरतो. संशयित जागेची एक ढलपी काढून लगेच वजन करावी, मग ती मंद आचेवर वजन घटावयाचे थांबेपर्यंत वाळवून पुन्हा वजन करावी. पहिले वजन १२० ग्रॅम आणि दुसरे १०० ग्रॅम भरले, तर ओलावा २० टक्के झाला. ही रीत शाळेतही करून दाखविता येईल. शिक्षकांनी जूनमध्ये आंब्याच्या लाकडाचे तीन सारखे तुकडे वाळवून, वजन करून घ्यावेत. एक कोरडा ठेवावा, एक बरणीत ओल्या मातीवर ठेवावा आणि एक पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावा. दिवाळीपूर्वी तिन्ही पुन्हा वाळवून वजन केले म्हणजे कोणता कुजला आणि का, यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

साग असल्यास भय नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. सागाच्या गाभ्याचे लाकूड कुजण्यास उत्तम प्रतिकार करते. परंतु सालीलगतचे फिकट लाकूड, मग ते सागाचे का असेना, लवकर कुजते. आंबा आणि सावर ही लाकडे तर ओलीपुढे फार काळ टिकत नाहीत. मागील दुरुस्तीत ‘सागच आहे’ म्हणून बसविलेल्या फळीला फिकट पट्टा असेल तर तो पट्टा आधी टोचून पाहावा.

वाळवणे आणि दुरुस्ती

एकदाच सांडलेले पाणी वेळीच वाळले तर कूज लागत नाही. पृष्ठभागावरील बुरा काही दिवसांत येतो, पण लाकडाचा कस जाण्यास आठवडे-महिने लागतात. हा अवधी घरमालकाच्या हातचा असतो. चटया, जाजम, मेणकापड उचलावे, ओली माती खरवडून काढावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंखा लावावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून लाकूड वाळविण्याचा प्रकार मात्र कोणी करू नये. तिच्या विषारी वायूने माणसे दगावतात. ओल्या लाकडावर तेलरंग, डांबर किंवा नवी फरशी चढविणे ही दुसरी मोठी चूक होय. त्याने डाग झाकला जातो आणि आतले पाणी आतच कोंडले जाते.

कुजलेला भाग काढताना त्यापुढचे वीतभर निरोगी दिसणारे लाकूडही काढावे. कडीचे टोक गेले असेल तर संपूर्ण कडी न बदलता तिच्या शेजारी दुसरी जोडकडी बसवून, दोन्ही बोल्टने जखडून भार भिंतीवर नेता येतो. भिंतीत घालावयाच्या टोकाभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे हवा लागते. बेलतेलाने पाणी मुरण्यास अडथळा होतो, बुरशी मरत नाही. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची पद्धत आहे. ते गुणकारी आहे, पण अंगावर उडाल्यास कातडी भाजते. बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण घरातील कोरड्या जागी चांगले काम देते, तथापि पाण्याने ते धुऊन जाते. म्हणजे गळती चालू असेपर्यंत त्याचा उपयोग नाही. लाकूड टिकविण्याच्या रसायनांत भारताचा वाटा मोठा आहे, हे येथे सांगण्यासारखे आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे जे मिश्रण शोधले, ते पुढे जगभर तारेचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर यांसाठी वापरले गेले. त्यातील आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते बंद झाले. असे जुने लाकूड हाती आले तर ते चुलीत घालू नये.

पुराच्या पाण्याची गोष्ट

वरील सारे नळाच्या गळतीला लागू आहे; पुराच्या पाण्याला ते अधिकच लागू आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा माती-लाकडाच्या वाड्यांची मोठी हानी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे घरे पाण्याखाली गेली. पुरानंतर पंचनामा होतो तो पाणी ओसरताच. त्या वेळी लाकूड फुगलेले, चिखलाने माखलेले, पण भक्कम दिसते. कूज दिसू लागते ती काही महिन्यांनी, जेव्हा पंचनाम्याचे कागद केव्हाच पुढे गेलेले असतात. म्हणून पाणी कोणत्या उंचीपर्यंत चढले आणि कोणत्या कड्या, तुळया, खांब भिजले याची नोंद तलाठी व ग्रामसेवक यांनी पंचनाम्यातच करून घेणे, आणि घरमालकानेही तशी नोंद व्हावी असा आग्रह धरणे इष्ट आहे. चाळीतील भाडेकरूंच्या बाबतीतही अडचण अशीच आहे. मोरी वरच्याची आणि डाग खालच्याच्या छतावर. वरच्याला काही दिसत नाही, खालच्याचे कोणी ऐकत नाही. खालच्या खोलीतील रहिवाशाने डाग दिसताच मालकाला, आणि इमारत उपकरप्राप्त असल्यास मंडळाच्या विभागीय कार्यालयाला, तारखेसह लेखी कळवावे व पोच घ्यावी.

एका तपासणीने काम भागत नाही. पहिली तपासणी गळती थांबताच, दुसरी पंधरा दिवसांनी, तिसरी दोन-तीन महिन्यांनी आणि शेवटची पुढच्या वैशाखात, लाकूड अगदी कोरडे असताना करावी. दाभण टोचलेल्या जागेशेजारी कडीवरच खडूने किंवा रंगाने तारीख आणि दाभण किती रुतले ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या खेपेस तपासणारा माणूस दुसरा असला तरी त्याला तुलना करता येते.